वीज गेली की पाइपलाइन का फुटते? प्लास्टिकच्या पाइपातील दाबाच्या झटक्याचं गणित समजून घ्या

रब्बीत हरभऱ्याला पाणी चालू असतं. अचानक लाइट जाते, मोटर थांबते. काही मिनिटांनी लाइट येते, ऑटो स्टार्टरमुळे मोटर आपोआप सुरू होते आणि शेताच्या मधोमध जमिनीतून कारंजं उडतं. पाइप फुटलेला असतो. बुलढाणा जिल्ह्यात विहिरीवरून किंवा धरणाच्या काठावरून लांबवर पाणी नेणाऱ्या शेतकऱ्यांना हा प्रकार नवा नाही. दोष बहुतेक वेळा पाइपाच्या कंपनीला दिला जातो, नाहीतर जॉइंटला सोल्यूशन लावणाऱ्याला.

पण अनेकदा खरं कारण पाण्याच्याच वागण्यात असतं. वाहतं पाणी एकाएकी अडलं किंवा थांबलं, की पाइपात दाबाची एक लहर तयार होते. अभियंते तिला 'वॉटर हॅमर' किंवा जलाघात म्हणतात. पाइप लोखंडाचा असेल तर ही लहर एका प्रकारे वागते, पीव्हीसी किंवा एचडीपीईचा असेल तर वेगळ्या प्रकारे. तिचा अंदाज आधी बांधता येतो का? आणि तो बांधला नाही तर काय होतं?

पाणी थांबल्यावर दाब का वाढतो?

९० मिमीच्या, ६०० मीटर लांब पाइपात सुमारे ३,३०० लिटर पाणी मावतं. म्हणजे सव्वातीन टनांहून जास्त वजन सेकंदाला एक मीटर वेगाने सरकत असतं. भरलेली बैलगाडी उतारावर एकदम थांबवता येत नाही. इथेही तसंच आहे. शेताकडचा कॉक झटकन बंद केला, तर कॉकजवळचं पाणी थांबतं, पण मागचं पाणी पुढे येतच राहतं. ते समोरच्या थांबलेल्या पाण्यावर आदळतं, पाणी किंचित दाबलं जातं आणि पाइप किंचित फुगतो. मग त्याच्या मागचा थर आदळतो, मग त्याच्या मागचा. दाब वाढण्याची ही प्रक्रिया लहरीसारखी पंपाच्या दिशेने पळत सुटते.

दाब किती वाढेल हे दोनच गोष्टींवर ठरतं : पाण्याचा वेग किती बदलला आणि लहर किती वेगाने पळते. या दोन आकड्यांचा गुणाकार करून त्याला ९.८१ ने भागलं, की दाबवाढ 'मीटर पाण्या'त मिळते. १० मीटर पाणी म्हणजे साधारण १ किलो दाब. दुकानात '४ किलोचा', '६ किलोचा' पाइप म्हणतात तोच हा किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब.

हे सूत्र रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठा यंत्रणेत प्रयोग करून ते सिद्ध केलं. पण त्याआधी, १८८३ मध्येच, जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस फॉन क्रिस याच निष्कर्षापर्यंत पोहोचले होते. त्यांचा विषय मात्र पाणीपुरवठा नव्हता. ते नाडीच्या ठोक्यांचा अभ्यास करत होते. हृदयाचा प्रत्येक ठोका धमन्यांमध्ये दाबाची लहर पाठवतो आणि धमनी ही लवचिक नळीच असते. प्लास्टिकच्या पाइपाशी तिचं नातं लोखंडी नळापेक्षा जवळचं आहे.

प्लास्टिकच्या पाइपात वेगळं काय होतं?

मोकळ्या पाण्यात दाबाची लहर, म्हणजे आवाज, सेकंदाला सुमारे १,४८० मीटर वेगाने जाते. पाइपात हा वेग कमी होतो, कारण पाइपाची भिंत ताणली जाते आणि दाबाचा काही भाग त्यात खर्च होतो. भिंत जितकी मऊ आणि पातळ, तितकी लहर मंद. डच गणितज्ञ कोर्टेवेख यांनी १८७८ मध्ये मांडलेलं हे सूत्र आजही वापरात आहे.

९० मिमीचा, ३ मिमी भिंतीचा पाइप घेऊन हिशेब करू. लोखंडी असेल तर लहरीचा वेग येतो सेकंदाला सुमारे १,३०० मीटर. पीव्हीसी असेल तर सुमारे ३२० मीटर. काळा एचडीपीई पाइप आणखी मऊ असतो. त्याची भिंत जाड असली तरी वेग साधारण २०० ते ३०० मीटरच राहतो.

आता पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत होतं आणि एकदम थांबलं असं समजा. लोखंडी पाइपात दाब सुमारे १३ किलोने वाढेल, पीव्हीसीत सुमारे सव्वातीन किलोने, तर एचडीपीईत दोन ते तीन किलोने. म्हणजे मऊ पाइप झटका बराच गिळतो. 'प्लास्टिकच्या पाइपाला वॉटर हॅमरची भीती नाही' हा समज इथूनच आला.

मग प्लास्टिकचा पाइप फुटतो कशाने?

पहिलं कारण सरळ आहे. झटका कमी असला तरी सहन करण्याची ताकदही कमी असते. पीव्हीसी पाइपांसाठी भारतीय मानक आयएस ४९८५ आहे. त्यात अडीच किलोपासून साडेबारा किलोपर्यंतच्या दाबाचे सहा वर्ग दिले आहेत. शेतीत ४ आणि ६ किलोचे पाइप सर्रास वापरले जातात.

एक उदाहरण घेऊ. ५ एचपीची मोटर, ६०० मीटर पाइप, विहिरीतल्या पाण्यापासून शेतापर्यंत ३० मीटर चढ. शेतकरी हिशेब करतो : ३० मीटर म्हणजे ३ किलो, तेव्हा ४ किलोचा पाइप पुरे. दुकानदारही मान डोलावतो. पण चालू मोटरवर घर्षणाचा दाब मिळवावा लागतो. तो सात-आठ मीटर धरला, तर पंपाजवळचा दाब आधीच पावणेचार किलो होतो. त्यावर कॉक झटकन बंद झाला, तर ४ किलोच्या पातळ पाइपातही आणखी सुमारे पावणेतीन किलोची भर पडते. म्हणजे पंपाजवळ साडेसहा किलो. ६ किलोचा पाइप घेतला तरी बेरीज सातच्या घरात जाते.

नवा, निर्दोष पाइप क्षणभर यापेक्षा जास्त दाब सोसतो. म्हणून पहिल्या दिवशी काहीच होत नाही. पण दिवसातून पाच वेळा लाइट गेली, हंगाम १०० दिवसांचा धरला, तर वर्षाला ५०० झटके बसतात. दहा वर्षांत ५ हजार. तार वारंवार वाकवली की तुटते, तसा पाइप थकतो. आधी सोल्यूशनचा कच्चा जॉइंट सुटतो, नाहीतर दगडाने खरचटलेल्या जागी चीर पडते. काळ्या मातीत हा त्रास वाढतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाला इकडेतिकडे ओढते.

उन्हाचा काय संबंध?

पाइपावर लिहिलेला दाब हा २७ अंश सेल्सिअस तापमानासाठी असतो. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. उघड्यावर टाकलेला पाइप तर हवेपेक्षाही जास्त तापतो. तापलेलं प्लास्टिक मऊ होतं. त्यामुळे लहर थोडी मंदावते, पण पाइपाची ताकद त्याहून जास्त घटते. शिवाय वर्षानुवर्षं ऊन खाल्लेला पीव्हीसी पाइप ठिसूळ होतो. जानेवारीत तग धरलेली लाइन मे महिन्यात फुटते, त्यात म्हणूनच आश्चर्य नाही.

लाइट गेल्यावर नेमकं काय घडतं?

कॉक बंद केल्यावर दाब आधी वाढतो. मोटर बंद पडल्यावर मात्र तो आधी घटतो.

मोटर थांबते तेव्हा पुढे गेलेलं पाणी काही क्षण पुढेच जात राहतं. मागून पुरवठा नसतो. त्यामुळे पंपाजवळ दाब एकदम कोसळतो. वरच्या उदाहरणातल्या ६ किलोच्या पाइपात तो ३७ मीटरवरून चार-पाच मीटरवर येतो. आता विहिरीपासून थोड्याच अंतरावर पाइप १५ मीटरचा उंचवटा चढत असेल, तर तिथे आधीच २२ मीटर दाब होता. त्यातून ३३ मीटर वजा केले, तर उत्तर शून्याखाली जातं. म्हणजे पाइपात निर्वात पोकळी तयार होते. पाण्याची तिथे थंडपणीच वाफ होऊ लागते आणि पाण्याचा स्तंभ दोन तुकड्यांत तुटतो. पातळ पाइप बाहेरच्या हवेच्या दाबाने चिपटाही होऊ शकतो.

काही सेकंदांत पाणी उलटं फिरतं. तुटलेले दोन तुकडे एकमेकांवर आदळतात, परतणारं पाणी एनआरव्हीवर धडकतं. एनआरव्ही वेळेत बंद झाला नाही, तर उलट्या दिशेचा वेग वाढतो आणि मग झडप आपटते तेव्हाचा झटका आणखी मोठा असतो. विहिरीवर ऐकू येणारा 'धाड्' आवाज तो हाच.

याच गोंधळात लाइट परत आली आणि ऑटो स्टार्टरने मोटर चालू केली, तर नवी लहर जुन्या लहरीवर चढते. लाइनमध्ये हवा शिरली असेल, तर ती दाबली जाऊन स्प्रिंगसारखी उसळते. वळणांवर याचा मार जास्त बसतो. ९० मिमीच्या काटकोनी बेंडवर ६ किलो दाब आला, तर त्याला बाहेर ढकलणारा जोर साडेचारशे किलोंहून जास्त असतो. तिथे काँक्रीटचा ठोकळा नसेल, तर बेंड जागचा सरकतो.

'कॉक हळू बंद केला होता', तरी का फुटलं?

या विषयातली ही सर्वात फसवी बाब. लहर पाइपाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो, त्या वेळेच्या आत कॉक बंद झाला, तर तो 'एकदम' बंद झाल्यासारखाच असतो. ६०० मीटरच्या लोखंडी पाइपात हा वेळ एका सेकंदाहूनही कमी आहे. पीव्हीसीत तो पावणेचार सेकंद आहे.

समजा, कॉक साडेतीन सेकंदांत बंद केला. लोखंडी पाइपासाठी हे 'सावकाश' ठरतं आणि पूर्ण १३ किलोंचा झटका बसत नाही. तो साडेतीन किलोंच्या आसपास उतरतो. पीव्हीसीसाठी मात्र साडेतीन सेकंद म्हणजे 'एकदम'च, त्यामुळे पूर्ण सव्वातीन किलोंचा झटका बसतो. म्हणजे दोन्ही पाइपांत दाबवाढ जवळपास सारखीच झाली. प्लास्टिकचा मऊपणाचा फायदा संपला आणि त्याची कमी ताकद तेवढी उरली. लाइन जितकी लांब, तितका कॉक अधिक हळू फिरवायला हवा. दोन किलोमीटरच्या पीव्हीसी लाइनसाठी हा वेळ साडेबारा सेकंदांवर जातो.

संगणकावर याचं मॉडेल कसं तयार होतं?

हाताने केलेला हिशेब एका सरळ पाइपाला पुरतो. चढउतार, फाटे, वेगवेगळ्या जाडीचे पाइप आणि एअर व्हॉल्व्ह आले, की संगणक लागतो. पाइपाचे छोटे तुकडे पाडले जातात. ६०० मीटरचे १० मीटरचे ६० तुकडे केले, तर लहर एक तुकडा साधारण ०.०३ सेकंदात ओलांडते. संगणक दर ०.०३ सेकंदाला प्रत्येक तुकड्याचा दाब आणि वेग काढतो. नियम दोनच : आत आलेलं पाणी कुठेतरी गेलं पाहिजे, आणि वेग बदलायला बल लागतं. मोटर बंद झाल्याच्या क्षणापासून पुढचा मिनिटभर हा हिशेब चालवला, की लाइनच्या प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त आणि कमीत कमी दाब किती येईल याचा आलेख मिळतो. तोच जमिनीच्या चढउतारावर ठेवला, की धोक्याच्या जागा दिसतात.

प्लास्टिकमुळे या मॉडेलमध्ये एक गुंतागुंत वाढते. लोखंड ताण आला की लगेच ताणलं जातं, ताण गेला की लगेच पूर्ववत होतं. प्लास्टिक तसं करत नाही. नवारीच्या बाजेवर बसलं की ती लगेच थोडी खाली जाते, मग हळूहळू आणखी खचते, आणि उठल्यावरही सावकाश वर येते. पॉलिइथिलीनची भिंत तशीच वागते. पहिला झटका ती चटकन झेलते, पण त्यानंतरही थोडी थोडी ताणली जात राहते. या उशिरा ताणल्या जाण्यात लहरीची ऊर्जा जिरते.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये दिदिया कोव्हास आणि सहकाऱ्यांनी पॉलिइथिलीनच्या पाइपावर प्रयोग करून २००४ आणि २००५ मध्ये हे तपशिलात मांडलं. लोखंडासाठी बनवलेलं साधं मॉडेल प्लास्टिकला लावलं, तर प्रत्यक्षात लहरी कितीतरी लवकर विरतात आणि त्यांची वेळही सरकलेली दिसते. म्हणून भिंतीचा हा 'आळस' गणितात घ्यावा लागतो. तो तापमानाप्रमाणे आणि पाइप जमिनीत कसा पुरला आहे त्याप्रमाणे बदलतो.

एक खबरदारी महत्त्वाची. पाणीपुरवठ्याच्या आराखड्यासाठी सर्वत्र वापरलं जाणारं 'ईपीएनेट' हे मोफत सॉफ्टवेअर रोजचा, स्थिर दाब दाखवतं. मोटर बंद पडल्यावरचा झटका त्यात दिसत नाही. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर आणि वेगळा अभ्यास लागतो.

हा प्रश्न फक्त शेतकऱ्याचा आहे का?

नाही. गावच्या नळयोजनेत तो थेट आरोग्याशी जोडला जातो.

बुलढाणा जिल्ह्याचा पूर्णाकाठचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथलं भूजल खारट आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत किडनीच्या आजारांचा प्रश्न अनेक वर्षं चर्चेत आहे. त्यामुळेच वान धरणातून गावोगाव गोडं पाणी नेणाऱ्या १४० गाव पाणीपुरवठा योजनेचं तिथे इतकं मोल आहे. लांबच्या लाइनवरची एक फूट म्हणजे शेवटच्या गावांत नळ कोरडे, आणि पुन्हा खारं पाणी.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. मोटर बंद पडल्यावर पाइपात निर्वात तयार झाला, तर गळक्या जॉइंटमधून पाणी बाहेर येण्याऐवजी बाहेरचं आत ओढलं जातं. पाइप गटारीजवळून जात असेल, तर काय आत येईल हे सांगायला नको. टाकीत क्लोरिन बरोबर टाकूनही नळाला दूषित पाणी येण्याचं हे एक कारण असू शकतं.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशननंतर गावागावांत पीव्हीसी आणि एचडीपीई पाइपांचं जाळं वाढलं आहे. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर होत असलेल्या जिगाव प्रकल्पाचं सिंचनही मुख्यतः उपसा योजनांवर अवलंबून आहे. पाणी उचलून नेणाऱ्या अशा योजनांत वीज खंडित होणं हा अपवाद मानून चालत नाही. केंद्राच्या सीपीएचईईओ या संस्थेच्या नियमपुस्तिकेतही पाण्याच्या या आघाताचा विचार करायला सांगितलं आहे. योजना मंजूर होताना 'वीज गेल्यावरचा सर्वात कमी आणि सर्वात जास्त दाब किती?' हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

उपाय काय?

मोठ्या योजनांत पंपाजवळ हवेची टाकी किंवा सर्ज टँक, उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह आणि जादा दाब सोडणारे व्हॉल्व्ह बसवतात. त्यांची जागा आणि आकार मॉडेलवरूनच ठरतो. एअर व्हॉल्व्ह चुकीच्या मापाचा असेल, तर आत आलेली हवा एकदम बाहेर जाऊन तोच नवा झटका देतो.

शेतकऱ्याला मात्र संगणकाशिवायही बरंच करता येतं :

- पाइप घेताना फक्त चढ मोजू नका. चढ, घर्षण आणि झटका या तिन्हींची बेरीज धरा. लाइनचा पंपाजवळचा, खालचा भाग जास्त किलोचा घेतला तरी मोठा फरक पडतो. सगळी लाइन जाड घ्यायची गरज नसते.
- पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटरच्या आसपास ठेवा. वेग दुप्पट झाला की झटकाही दुप्पट होतो. त्याच मोटरला एक माप मोठा पाइप घेतल्यास वेग आणि वीज दोन्ही वाचतात.
- ठिबक किंवा तुषारचा प्लॉट बदलताना दुसऱ्या प्लॉटचा कॉक आधी उघडा, मग पहिला हळूहळू बंद करा.
- ऑटो स्टार्टरला टायमर लावा. लाइट आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मोटर सुरू झाली, तर तोवर लाइनमधलं पाणी शांत झालेलं असतं.
- एनआरव्ही दरवर्षी तपासा. पाणी उलटं फिरण्याआधीच बंद होणारा स्प्रिंगचा एनआरव्ही आपटत नाही.
- सर्वात उंच जागी एअर व्हॉल्व्ह आणि वळणांवर काँक्रीटचा ठोकळा हवाच.
- पाइप पुरून टाका. ऊन लागत नाही, आणि सभोवतालची दाबलेली माती पाइपाला आधार देते.

सौर पंपांमुळे यात थोडा दिलासा आहे. त्यांचा कंट्रोलर सकाळी उन्हाबरोबर मोटर हळूहळू वेगावर आणतो, त्यामुळे सुरुवातीचा धक्का सौम्य असतो. पण तिथेही कॉक माणूसच बंद करतो. तो किती सेकंदांत बंद करायचा, याचा हिशेब सोपा आहे : लाइनची लांबी मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा आणि पीव्हीसी असेल तर ३०० ने भागा. जे उत्तर येईल, त्याच्या तिप्पट-चौपट सेकंद घेऊन कॉक फिरवा. ६०० मीटरच्या लाइनला हे १२ ते १६ सेकंद होतात. फुटलेला पाइप शोधून, खणून, जोडायला मात्र अख्खा दिवस जातो आणि तेवढ्यात पाण्याची पाळीही निघून जाते.